डोंगर जळाला तेव्हा अस्वलं कुठे गेली

सुमनवहिनी नसती तर मी बारावीच्या पुढे गेलो नसतो. हे वाक्य मी शाळांच्या समारंभांत पुष्कळदा बोललो आहे आणि लोकांनी त्यावर टाळ्याही वाजवल्या आहेत, कारण अशी वाक्यं त्यांच्या ओळखीची असतात. वहिनीनं फी भरली असेल, डबा दिला असेल, असं काहीतरी ते समजत असणार. मायनं जन्म दिला, बाबांनी पोसलं, मास्तरांनी शिकवलं, त्यांचे उपकार आहेतच. पण ज्या वाटेनं मी परीक्षेला गेलो त्या वाटेवर वहिनी माझ्या पुढे चालत होती, आणि त्या वाटेवर जे होतं ते तिनं स्वतःच्या तोंडावर घेतलं. हे मी कुठल्याही समारंभात सांगितलेलं नाही. सांगायला गेलो की तिचा जुना आवाज आठवतो आणि पुढचं बोलता येत नाही. म्हणून लिहितो आहे.

वहिनी उमरखेडची. सातवी शिकून दादाच्या घरी आली. तिच्याआधी आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. बाबा मुळात मितभाषी, दादा त्यांच्यावर गेलेला, माय बोलायची ती चुलीशी. वहिनी विहिरीवरून बोलली की घरात ऐकू यायची, आणि घरात बोलली की शेजारी उत्तर द्यायचे. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. आज येईल, उद्या येईल म्हणून लोक कापूस घरातच भरून ठेवत. आमच्या दोन खोल्यांपैकी एक आढ्यापर्यंत पांढरी झाली होती आणि दुसरीत आम्ही सगळे राहत होतो. त्या कापसाला एक कोमट, तेलकट वास असतो. तो कपड्यांना लागतो, भाकरीला लागतो. अंगाला सारखी खाज सुटायची. वहिनी पाठ भिंतीला घासत म्हणायची, "राजाच्या घरीबी एवढी मोठी गादी नसन. पण राजा असा खाजवत नसन बाप्पा!" आणि बाबासुद्धा हसायचे.

कापसाच्या घरात कंदील न्यायचा नाही, हा बाबांचा नियम होता. म्हणून माझा अभ्यास ओसरीवर, कुडाच्या बाहेरच्या अंगाला. संध्याकाळी मी पुस्तक घेऊन बसलो की वहिनी तुरीची डाळ पाखडत समोर बसे.

"काय वाचून राह्यले भाऊजी?"

"इतिहास."

"मंग मोठ्यानं वाचा. मले कायले उपाशी ठेवता?"

मी मोठ्यानं वाचायचो. ती मध्येच एखाद्या राजाला शिव्या घालायची. चुलीवर कण्या शिजत असायच्या, माय अंबाडीच्या भाजीला लसणाची फोडणी द्यायची, आणि तो वास आला की राजांची नावं माझ्या डोक्यातून पार उडून जायची. आज माझ्या घरी गॅस आहे, कुकर आहे. पण लसूण तेलात पडला की मला अजूनही सनावळ्या आठवतात, आणि मागोमाग पाखडण्याचा तो सूप-सूप आवाज.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला, कापसाचा पैसा हाती नव्हता म्हणून, आमच्या वस्तीतले लोक पहिल्यांदाच मोहफुलं वेचायला डोंगरात गेले. एरवी ते काम डोंगरावरच्या पाड्यातल्या लोकांचं. ते लोक मोहाखालचा पालापाचोळा शिंदीच्या झाडूनं झाडून काढायचे, म्हणजे पहाटे पडलेली फुलं स्वच्छ जमिनीवर दिसतात. आम्ही शेतकरी माणसं. आम्हाला जमीन साफ करायची म्हणजे काडी लावणं ठाऊक. वावरातली धसकटं आम्ही वर्षानुवर्षं जाळत आलो. पण वावराच्या चारी बाजूंना उघडी, नांगरलेली माती असते, आग तिथे आपोआप मरते. डोंगरात तशी माती नव्हती, हे कुणाच्या मनातच आलं नाही. कुणी एका झाडाखाली काडी लावली असं नाही. बऱ्याच जणांनी बऱ्याच झाडांखाली लावली, पाला जळाला की वरून पाय फिरवला आणि फुलांची वाट बघत बसले. दुपारी वारा सुटला. नंतर कुणी कुणाला विचारलं नाही.

डोंगर किती दिवस जळत होता ते मी मोजलं नाही. संध्याकाळी ओसरीवरून बघितलं की आगीची एक वाकडी रेघ वर चढताना दिसायची आणि बांबू फुटल्याचे आवाज यायचे. मग आग संपली, आणि त्याहून वाईट काहीतरी सुरू झालं. आवाजच गेले. आमच्या गावाला डोंगराचा आवाज असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मोर, तित्तिर, माकडांचा दंगा, रात्री कोल्हे. तो सगळा थांबला. राख खाली येत राहिली, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या पितळी गुंडावर. माय गुंडावर फडकं बांधायची आणि तरी पाण्याला जळका वास यायचा. नगरपालिकेचे सफाई कामगार सकाळी रस्त्याकडेचा पाला पेटवतात, तेव्हा मी आजही खिडकी लावून घेतो. बायको विचारते, एवढं काय त्यात. मी धुराचं नाव सांगतो.

मग जनावरं खाली आली. आधी गोठ्यात ससे सापडले, बैलांच्या पायांशी गप्प बसलेले. मोर विहिरीच्या काठावर आले आणि बायांना बघून उडेनात. माकडं शाळेच्या पत्र्यांवर बसून राहिली, न ओरडता, अंगावरचे केस होरपळलेले. रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं कापसाच्या उभ्या पऱ्हाटीत शिरली. एरवी तोवर पऱ्हाटी उपटून वावरं मोकळी झाली असती. पण त्या वर्षी भाव नाही म्हणून लोकांनी फरदड ठेवली होती, म्हणजे जुनी झाडं तशीच उभी ठेवून उरलीसुरली बोंडं फुटायची वाट बघत होते. आमच्या वावरात माणसाच्या छातीएवढी पऱ्हाटी उभी होती. बाबा बांधावरून बघायचे. वारा नसताना मधलीच झाडं हलायची. आणि नाल्यात, जिथे जांभूळ आणि करंज अजून हिरवे होते, तिथे अस्वलं होती. एक मादी होती, तिच्या पाठीवर पिल्लू. पाड्यातल्या दोघातिघांनी तिला पाहिलं होतं.

नेमकी तेव्हाच माझी बारावीची परीक्षा सुरू झाली. केंद्र उमरखेडला. यष्टी फाट्यावर यायची आणि फाट्याची पायवाट नाल्यातून जायची. बाबा म्हणाले, "यंदा राहू दे. पुढच्या साली दे." ते रागानं नव्हतं. आमच्या घरात कुणीच बारावी झालेलं नव्हतं, त्यामुळे एक वर्ष म्हणजे काय, हे कुणाला ठाऊक नव्हतं. वहिनीला होतं. सातवीनंतर तिलाही कुणीतरी 'पुढच्या साली' म्हटलं होतं.

"पुढच्या साली कोनी येत नाही बाबा," ती म्हणाली. "मी जातो त्यायच्या संग. अस्वलाले माह्या आवाजाचं भेव हाय."

"तुह्या आवाजाचं तर मलेबी भेव हाय," दादा म्हणाला.

"मंग तुमीबी चाला नाल्यातून. दोघं एकाच बारीत पळसान."

आणि खरंच, ती रोज सकाळी माझ्यापुढे नाल्यातून चालली. हातात पितळी थाळी आणि उलथनं. अस्वलाला लांबून माणूस कळला की ते आपण होऊन बाजूला होतं, अचानक समोर आलं तरच अंगावर येतं, हे आमच्याकडे पोरासोरांना माहीत असतं. म्हणून वहिनी थाळी वाजवायची आणि बोलत राहायची. मला प्रश्न विचारायची, माझी उत्तरं ऐकून घ्यायची नाही, मग अस्वलाशीच बोलायची. "ओ बाई! आमी चाल्लो पेपरले! तू तुह्या लेकराले सांभाळ, मी माह्या लेकराले सांभाळतो!" मला लाज वाटायची. मी मिशी फुटलेला, पँट घातलेला मुलगा, आणि ती मला लेकरू म्हणायची, तेही एका अस्वलाला. पण झुडपात कुठेतरी जड काहीतरी हलायचं, खोकल्यासारखा एक आवाज यायचा, आणि लांब जायचा. एकेक पेपर असा पार पडला.

शेवटच्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी गावानं नाल्यात हाका केला. डबे, फटाके, ढोल. अस्वलं नाल्यातून वर डोंगरात निघून जातील, असा सगळ्यांचा हिशेब. पण डोंगरात काय होतं? राख. तिथे ना सावली, ना पाणी, ना एक पान. त्या रात्री कुणी तसा विचार केला नाही. सकाळी दादा म्हणाला, "आज नाला नोको. उठलेले जनावरं असतीन. वावरातून जा, आपल्याच पऱ्हाटीतून. लांब पडन पन बरं." मी आणि वहिनी वावराच्या वाटेनं निघालो. बाबा आणि दादा मागे बैलगाडी जुंपत होते.

त्या सकाळी वहिनी बोलत नव्हती. थाळी तिच्या काखेत होती. मी पुढे कितीतरी वर्षं या गोष्टीचा विचार केला. आपल्याच वावरात कोण ओरडत चालतं? वावर म्हणजे घर. आणि शिवाय तिचे हात. फरदडीची बोंडं इथेतिथे फुटलेली होती, आणि आमच्याकडच्या बाईचा हात फुटलेल्या बोंडाशेजारून रिकामा जात नाही. भाव असो वा नसो, घरात ठेवायला जागा असो वा नसो. ती चालता चालता वेचत होती आणि पदराच्या ओच्यात टाकत होती, हे तिला स्वतःलाही कळत नसावं. दोन ओळींमधल्या तासात एक बोंड बुडाशी फुटलं होतं. ती वाकली.

ती मादी त्या झाडांच्या बुडाशी, सावलीत निजलेली होती.

पुढचं मी फार लिहिणार नाही. पऱ्हाटीतून एक काळा ढीग उभा राहिला आणि दमेकरी म्हातारा खोकावा तसा आवाज झाला. वहिनीची थाळी पडली. मी पिशवी फेकली, ओरडलो, ढेकळं फेकली, थाळी उचलून उलथन्यानं बडवत सुटलो. सगळं फार थोड्या वेळात झालं. पिल्लू पाठीवरून खाली पडलं होतं, ते धडपडत पुन्हा चढलं, आणि मादी वळून पळाली. पळताना तिच्या मागच्या पायांचे तळवे मला दिसले. लाल, सोललेले. ती जळत्या जमिनीवरून खाली आली होती.

मागून गाडी आली. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा वहिनीच्या तोंडाला गुंडाळला. गाडी फाट्यावर पोचली तेव्हा यष्टी उभी होती. कंडक्टरनं एकदा बघितलं आणि घंटी ओढली. "आता मधात कोनी उतरनार नाही," तो प्रवाशांना म्हणाला. कुणी उतरलं नाही. यष्टी थेट उमरखेडच्या दवाखान्याच्या दारात गेली. पायऱ्यांवर मी वहिनीचा एक हात धरला होता. तिनं तो सोडवला, माझ्या छातीवर ठेवला आणि मला मागे ढकललं. मी तसाच उभा राहिलो. तिनं पुन्हा ढकललं, या वेळी जोरानं. तिला बोलता येत नव्हतं.

"जा," दादा म्हणाला. "थे म्हणून राह्यली, जा."

मी गेलो. पेपरात काय लिहिलं ते मला त्या दिवशीही आठवत नव्हतं. पास झालो.

वहिनीला तिथून नांदेडला हलवलं. ती वाचली. एक डोळा गेला आणि जबडा वाकडा जुळला. आणि आवाज गेला, म्हणजे तो आवाज. ती बोलायची, पण ओल्या फडक्यामागून कुणी बोलावं तसं. विहिरीवरून घरात ऐकू येणं संपलं. डोंगरासारखं आमचं घरही गप्प झालं.

ती दवाखान्यात होती तेव्हा गावानं उभ्या पऱ्हाट्या पेटवल्या. आमचं वावर दादानं स्वतः पेटवलं. लोक काठ्या घेऊन चारी बाजूंना उभे राहिले. कापूस जळतो तेव्हा ज्योत फार होत नाही, तो आतल्या आत धुमसतो. आतून ससे आले, तित्तिरं आली, एक डुक्कर आलं. अस्वल आलं नाही. काळ्या वावराकडे बघत बाबा म्हणाले, "आता कुठं जातीन थे?" आम्ही त्यांची पहिली जागा जाळली होती, आणि मग दुसरीही. दादा वावराच्या कडेला बसून राहिला. पुढे आयुष्यभर त्यानं कुणाला वाट सांगितली नाही. पावणे विचारायचे, फाटा कुठं, तर तो उठून त्यांच्यासोबत चालत जायचा.

वहिनी घरी आली आणि तिनं पहिल्यांदा विचारलं ते हेच. "सापडली का?"

"नाही," माय म्हणाली.

"मंग कुठं हाय?"

कुणाला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हणजे ती कुठेही असू शकत होती. कुडाच्या मागे, गोठ्यात, विहिरीच्या वाटेवर. वहिनीनं उंबऱ्याबाहेर पडणं सोडलं. अंगणापलीकडे जाईना. पाणी माय आणायची, वावरात दादा एकटा जायचा. संध्याकाळी वहिनी दाराच्या चौकटीत उभी राहून कुंपणाकडे बघायची आणि दिवेलागणीआधी कडी लावून घ्यायची. गावातल्या बाया समजवायच्या, "अवं, गेली थे. कवाची गेली." ती विचारायची, "कुठं?" आणि बाया उठून जायच्या.

मी अमरावतीला कॉलेजात गेलो. वसतिगृहात दादाचं कार्ड यायचं. एकदा त्यात होतं, 'सुमन विचारते, तिकडच्या पुस्तकात लिवलं असन तर पाहा, जंगल जळाल्यावर जनावरं कुठं जातात.' मी ग्रंथालयात बघितलं. अस्वल काय खातं, किती पिल्लं देतं, सगळं होतं. कुठे जातं, ते नव्हतं. प्राणिशास्त्राच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, जिथे पाणी आणि खाणं असेल तिथे. मी तसं कळवलं. दादाचं उत्तर आलं, 'सुमन म्हणते, थे मलेबी माहीत हाय. गावाचं नाव सांगा.'

बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला. नोकरी लागली ती आमच्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, एका आश्रमशाळेत. आमच्या गावातून डोंगराची जी धार दिसते, तिची दुसरी बाजू. लहानपणी मला वाटायचं, तिथे जग संपतं. पहिल्याच उन्हाळ्यात, मोहफुलं पडायला लागली तेव्हा, मी जे पाहिलं ते त्याच दिवशी वहिनीला लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं नाही. दादाचं कार्ड आलं, त्यात एकच ओळ होती, 'सुमन आज पाण्याले गेलती.' पऱ्हाटीत मात्र ती पुन्हा कधी शिरली नाही, आणि तिचा जुना आवाज मी पुन्हा ऐकला नाही. पत्र असं होतं:

सुमनवहिनीस सप्रेम जयभीम.

तुम्ही गावाचं नाव विचारलं होतं. ते आज सांगता येतं म्हणून लिहितो. मी जिथे राहतो तेच ते गाव.

आज सकाळी शाळेच्या मागच्या ओट्यावर दात घासत होतो. समोरच्या उतारावर मोहाखाली एक अस्वल फुलं खात होतं. मादी होती, पाठीवर पिल्लू होतं. स्वयंपाकाच्या मावशी बाहेर आल्या. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "थे आगीच्या साली धार ओलांडून इकडं आले. पहिले एवढे नव्हते. रात्रीचे आले, लंगडत. काही मेले." इकडचा डोंगर जळाला नव्हता. इकडे नाल्याला पाणी आहे, आणि मोहाखाली लोक झाडून घेतात.

ती तीच आहे का, हे मला सांगता येत नाही. पिल्लू तर ते नसणारच. लांबून तळवे दिसले नाहीत. चालताना लंगडत नव्हती. मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून तीच आहे असं लिहिणार होतो, दोनदा लिहिलं आणि फाडलं. तुम्ही मला कधी खोटं बोलू दिलं नाही, पत्रातही बोलत नाही. तेव्हा जी मेली त्यांत ती नव्हती कशावरून, तेही माहीत नाही. पण जी जगली ती इकडे आहेत, एवढं नक्की. मधे सगळा डोंगर आहे. आणि या अंगाला मी आहे. मी रोज सकाळी बघतो, आणि रोज बघेन.

मला अजून तुमचा हात छातीवर लागतो. पेपर सुटल्यावर मी पहिल्यांदा तुमच्याकडे धावत आलो होतो, तेव्हा तुम्ही झोपल्या होत्या, म्हणून पेपर दिला हे सांगायचं राहून गेलं. मी पास झालो, वहिनी. नंतर बी.ए.ही झालो. आता मुलांना इतिहास शिकवतो, मोठ्यानं वाचून.

तुमच्या कुंपणामागे कुणी नाही. मायचे गुडघे दुखतात, हे तुम्हाला दिसतच असेल. उद्यापासून विहिरीचं पाणी तुम्ही आणा.

तुमचे,
भाऊजी